डेपोच्या दारात विहिणी

सकाळची गाडी बंद होऊन महिना झाला होता. बारावीतली रेणुका दोन कोस चालत कॉलेजला जायची. काल तिच्या बापानं, काकासाहेबानं सांगून टाकलं, "उद्यापर्यंत गाडी सुरू न्हाई झाली तर तुझं नाव काढून घेतो." म्हणून आज तिची आजी जयवंताबाई नातीसकट गावातल्या तीस बाया घेऊन बस डेपोच्या दारात बसली होती.

गावपुढारी साहेबरावनं शहरातून छापील आंदोलनगीत आणलं होतं. शब्द इतके जड, की बायांना ओळीच्या मध्येच दम लागायचा. आत मॅनेजर आरामात चहा पीत होता.

"हे गाणं हाय का खडीचं टोपलं?" जयवंताबाई करवादली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता तिनं मुकादमाच्या सात पिढ्या गाण्यात घातल्या होत्या. तिनं तो कागद घडी करून बुडाखाली घेतला आणि लग्नात विहिणीला चिडवतात ती चाल धरली.

"मावशे, हे आंदोलन हाय, लग्न न्हाई!" साहेबराव कुजबुजला.

"तू गप ऱ्हाय, वरबापा!"

बाया खिदळल्या आणि आवाज चढला.

"मॅनेजर व्याही आमचा बाई, खुर्चीत बसला,
आईनं कसा वाढविला, गाडीवर रुसला!"

डेपोमागच्या क्वार्टरचं दार धाडकन उघडलं. मॅनेजरची आई केशरबाई पदर खोचत बाहेर आली. बायांनी गाणं मध्येच तोडलं. केशरबाईनं सगळ्यांना नीट निरखलं, घसा खाकरला आणि सुरू झाली.

"विहिणी आल्या दारी बाई, आवाज यांचा फाटका,
तोरा बघा केवढा बाई, चपलेला टाका!"

मॅनेजर धावत आला. "आई, काय करून राह्यलीस? ह्या माझ्याविरुद्ध बसल्यात!"

"मंग? गाण्यात माझं नाव घेतलं अन् मी घरात दडून बसू? तू जल्दी सतरंजी आण."

तासभर रंगलं. ड्रायव्हर-कंडक्टर टाळ्या पिटू लागले. शेवटी केशरबाई हसत म्हणाली, "बास गं बायांनो. तुमचा मान मागा." गाणारणी मागतील तो मान विहिणीनं द्यायचाच, नाही म्हणणं म्हणजे घराण्याची बेअब्रू. "लुगडं सांगा, बांगड्या सांगा."

"सकाळची सातची गाडी," जयवंताबाई म्हणाली.

केशरबाईनं लेकाकडं पाहिलं.

"आई, वरून परवानगी लागती."

"आई इथं उभी हाय. आणखी वर कोण?"

घाम पुसत मॅनेजरनं कागद लिहिला, शिक्का मारला. जयवंताबाईनं तो नातीच्या हातात दिला. "वाच, मोठ्यानं."

"सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात वाजता..." रेणुका थांबली. "आजी, शनिवार न्हाई लिहिला. शनिवारीबी कॉलेज असतंय."

उठलेली जयवंताबाई पुन्हा मांडी घालून बसली. पलीकडं केशरबाईनं सतरंजी झटकली.