कुठली गोळी?

"अहो, गोळी घातली का?"

"घातली!" न्हाणीघरातून मिस्त्री ओरडले. "वरून लांबी पण दाबलीय. आता एक थेंब गळायचा नाही."

मिस्त्रीणबाईंचा ओटा पुसणारा हात थांबला. लांबी? ती फटी बुजवायची पुट्टी? विजेच्या शॉवरच्या डब्याखाली एक भोक असतं, त्यात गोळी बसवलेली असते. आत पाणी कोंडलं, दाब वाढला की ती उडते, पाणी खाली सुटतं आणि माणूस वाचतो. काल ती उडाली होती. ते भोक कधी बुजवायचं नाही, हे मिस्त्रींनी गिऱ्हाइकांना जन्मभर दरडावून सांगितलं होतं. "त्यापेक्षा शिट्टी बुजवून कुकर डोक्यावर घ्या," असं म्हणायचे.

बाई टेबलापाशी आल्या. कामावर जाताना मुलानं नवी गोळी तिथे काढून ठेवली होती. ती रबरी गोळी बशीत तशीच होती, पाण्याच्या पेल्याशेजारी. मिस्त्रींची सकाळच्या औषधाची गोळी मात्र नव्हती.

तेवढ्यात मिस्त्री हात पुसत आले, खुर्चीत बसले आणि बशीकडे हात नेला.

"थांबा! शॉवरमध्ये कुठली गोळी घातलीत?"

"कुठली म्हणजे? बशीतली." ते हसले. "वय तुझं झालंय की माझं?"

आत न्हाणीघराची कडी लागली. सून आंघोळीला गेली होती.

बाई धावल्या. दोन्ही हातांनी दार बडवलं. "बाहेर ये! पाणी सोडू नकोस!"

"सोडलंय आई, पण येतच नाहीये. नुसती घरघर चाललीय."

शॉवरची जाळी क्षारानं बुजली होती. गोळी उडाली ती त्यामुळेच. आधी जाळी साफ, मग गोळी, हा मिस्त्रींचाच नियम, आणि आज ते जाळीला हात लावायलाही विसरले होते. बाईंनी दाराबाहेरचं मोठं बटण खाली ओढलं. घरघर थांबली. अंगाला टॉवेल गुंडाळून सून बाहेर आली, घाबरलेली, पण धडधाकट. बाईंनी तिला घट्ट धरलं.

डब्याचा पत्रा एका बाजूनं फुगला होता. बाईंनी स्क्रू-ड्रायव्हरनं लांबी उकरली, तसा आतून पांढरा लगदा ओघळला.

"हे काय?" सुनेनं विचारलं.

"माझीच चूक गं," बाई घाईनं म्हणाल्या. "म्हटलं, आपण करून बघावं. नसता उपद्व्याप."

"खोटं बोलू नकोस." मिस्त्री दारात उभे होते. तो लगदा त्यांनी बोटावर घेतला आणि बराच वेळ बघितला. "हे माझ्या हातचं काम आहे."

मग बाईंना एकाएकी काहीतरी आठवलं.

"अहो, परवा समोरच्या इमारतीत शॉवर दुरुस्त करून आलात ना? तिथे काय घातलंत?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. "आठवत नाही," ते म्हणाले, आणि बाईंनी त्यांना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

रस्ता त्यांनी जवळजवळ पळतच ओलांडला. जिन्यात मिस्त्रींना धाप लागली, तरी ते थांबले नाहीत. बेल त्यांनीच दाबली, बोट उचललंच नाही. दार उघडलं ते घरमालकिणीनं. कडेवर उघडं मूल, खांद्यावर पंचा.

"मिस्त्री? आत्ता कसे काय? बाळाला आंघोळ घालायला निघाले होते."

"घालू नका. शॉवर उघडून बघायचाय."

"अहो, अगदी छान चाललाय. तुम्ही दुरुस्त केल्यावर काय बघायचंय? तुमच्यावर आमचा पूर्ण भरवसा आहे."

"माझा नाही राहिला, ताई," मिस्त्री म्हणाले. त्यांनी चपला काढल्या आणि खाली मान घालून ते आत गेले.