अजमलची टोपी

अजमलने ऊन ऊन नान काखेत मारले आणि पायानेच फाटक ढकललं. आतून आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

"बीबी, दाई आली का?" त्याने आजीला विचारलं.

"कधीची. तू अंगणातच थांब. बायकांच्या कामात पुरुष नको," बीबी म्हणाली, आणि स्वतःच गालात हसली.

हसणारच. अजमल जन्माने मुलगी. तीन बहिणींच्या पाठीवर चौथी आली, तेव्हा या बीबीनेच तिचे केस कापले, डोक्यावर टोपी घातली आणि अजमल नाव ठेवलं. एका मुलीला मुलगा करून वाढवलं की पाठीवर खरा मुलगा येतो, असं काबूलच्या त्या डोंगरउतारावर सगळेच मानत. शेजारणींना ठाऊक असे, पण त्या बोलत नसत. त्यांच्याही घरात कधी ना कधी असा एखादा अजमल असायचाच. गल्लीतल्या पोरांना मात्र पत्ता नव्हता. बाप इराणात कामाला, त्यामुळे बाजार अजमलचा, पाणी अजमलचं, बहिणींना शाळेत पोचवणं अजमलचं. आणि संध्याकाळचा चेंडूही त्याचाच.

खरा मुलगा आला की हे सगळं संपणार होतं. मग केस वाढवायचे, ओढणी घ्यायची, घरात बसायचं. म्हणून सगळं घर मुलगा मागत होतं, आणि अजमल एकटा भिंतीला टेकून अल्लाकडे मुलगी मागत होता.

बाळ रडलं. दाई हात पुसत बाहेर आली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "मुलगीच आहे."

बीबीने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे बारा वर्षांची टोपी फुकटच गेली."

अजमलला आनंद लपवता येईना. तो आत धावला. बाळ लालबुंद होतं, मूठ तोंडात कोंबत होतं.

"किती छान आहे गं," तो अगदी मनापासून म्हणाला.

आई रडत नव्हती. ती छताकडे बघत होती.

"दाई, गल्लीत सांगा, मुलगा झाला."

बीबी दारातच थबकली. "अगं, घरात एक आहे ना तसा."

"त्याला बारावं सरलं. उद्या त्याच्यासाठी मिशा कुठून आणू?" आई म्हणाली. "आणि पाचवीही मुलगीच, हे इराणात कळलं तर सवत येईल माझ्या उरावर."

तिने हात लांब केला. अजमलला वाटलं, आई डोक्यावरून हात फिरवणार. तो वाकला. आईने त्याची टोपी काढली आणि बाळाच्या डोक्यावर ठेवली. ती बाळाच्या नाकापर्यंत घसरली.

अजमल तसाच वाकलेला राहिला. सकाळपासून जे मागितलं, तेच मिळालं होतं. असं काही होईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

फाटकावर थाप पडली. पलीकडच्या घरातला नजीब होता.

"अजमल, चेंडू तुझ्याकडे आहे. चल ना लवकर."

पाय सवयीने अंगणात गेले. हात कडीपर्यंत पोचला.

"थांब," मागून बीबी हळूच म्हणाली. तिच्या हातात ओढणी होती. "आधी डोकं झाक, पोरी."

बारा वर्षांत तिला कुणी पोरी म्हटलं नव्हतं. ती खाली बसली, खिशातला चेंडू काढला आणि फाटकाखालच्या फटीतून बाहेर ढकलला.

"अरे, आणि तू?" नजीबने विचारलं.