बाबांचा पेसमेकर

काशीरामबाबांना घोड्यांशिवाय बोलता येत नसे. उभं आयुष्य महालक्ष्मीच्या रेसला वाहिलेलं. आता पनवेलच्या फ्लॅटात बसून मोबाइलवर शर्यती बघायचे, पण तोंडातली भाषा तीच. शेजारच्या जोशांचा मुलगा कुठल्याच परीक्षेत पास होईना, तर तो 'मेडन', म्हणजे एकही शर्यत न जिंकलेला घोडा. दोन सुनांचं भांडण अटीतटीला आलं की 'फोटो फिनिश'. आणि धाकटा मुलगा प्रणित म्हणजे 'फेवरिट'.

हा शेवटचा शब्द थोरल्या दिनानाथला जन्मभर बोचला. ज्याच्या पोटात दुखतं तो ओवा मागतो म्हणतात, पण सख्ख्या भावावर जळणाऱ्यानं ओवा मागायचा कुणाकडे? जळत होता मात्र तो खराच. प्रणितच्या गोऱ्या हातांवर, त्याच्या इंग्रजीवर आणि तो घरात शिरला की बाबांचा चेहरा फुलायचा, त्या फुलण्यावर सगळ्यात जास्त.

मागच्या महिन्यात प्रणितनं स्टेशनजवळ दातांचा दवाखाना काढला. रंगकाम, वीज, खुर्च्या, सगळ्यासाठी धावला दिनानाथ, आणि फीत कापायला उभा राहिला प्रणित. दिनानाथ मागे पेढ्यांचा खोका धरून उभा होता. एवढ्यात बाबांनी त्याचा दंड धरून त्याला पुढे ओढलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "आणि यो माजा पेसमेकर हाय!"

बाबांच्या छातीत गेल्या वर्षीच पेसमेकर बसवला होता. दिनानाथच त्यांना मध्यरात्री उचलून हॉस्पिटलात घेऊन गेला होता. म्हणजे बाबांचं काळीज आपल्यावर चालतंय! दिनानाथचे डोळे भरून आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला प्रणितची कीव आली. फेवरिट काय, कुणीही असतो.

ते सुख त्याला एकट्यानं पचेना. रविवारी बाबांचे रेसचे जुने दोस्त खलीलचाचा आले. बाबा आंघोळीला गेले होते. दिनानाथनं चहा पुढे केला आणि उगाच विषय काढला.

"चाचा, फेवरिट म्हणजे हटकून जिंकणारा घोडा का हो?"

"छे रे. ज्यावर लोकांचा जास्त पैसा, तो फेवरिट. हरतोही पुष्कळदा."

दिनानाथ खूश झाला. "फीत कापताना बाबा मला काय म्हणाले, ऐकलंत ना? पेसमेकर!"

चाचांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला. "छोड ना बेटा. रेसची जुबान आहे ती."

"म्हणजे रेसमध्येपण असतो पेसमेकर?"

चाचा टाळू पाहत होते, पण दिनानाथ हटेना. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "एकाच मालकाचे दोन घोडे असतात कधी. त्यातला एक सुरुवातीपासून जीव तोडून पुढं पळतो. त्याच्या मागं लागून बाकीचे दमतात. मग दुसरा, राखून ठेवलेला, शेवटी पुढं येऊन जिंकतो. तो पहिला, त्याला म्हणतात पेसमेकर."

दिनानाथला बारावीचं वर्ष आठवलं. "तू आदी पुढं हो, धाकटा येल मागना," असं म्हणून बाबांनी त्याला शिक्षण थांबवून न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरवर बसवलं होतं. बापानं आपल्यावर भरवसा टाकला, म्हणून तो तेव्हा छाती फुगवून गेला होता. त्याच ट्रेलरवर प्रणितची पाच वर्षांची फी निघाली. एवढी वर्षं तो प्रणितवर जळत होता, आणि आपण शर्यतीत आहोत हे तरी धरून चालला होता.

बाबा टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले आणि मोबाइल लावून बसले. घोडे सुटले होते.

"बाबा," दिनानाथ म्हणाला, "पेसमेकरला म्हाईत असतं काय, का आपल्याला जिकायचं नाय?"

खलीलचाचांनी मान खाली घातली. बाबांची नजर मात्र पडद्यावरून हलली नाही.

"जॉकीला म्हाईत असतं, मालकाला म्हाईत असतं," ते म्हणाले. "घोड्याला कोन सांगतंय? तो बिचारा जिकायलाच पलतो."