ओढ्याकाठच्या अजिसाईवरचा आळ

मी ओढ्याकाठची अजिसाई बोलतेय. तुमच्याकडे रोपवाटिकेत मला हायड्रेंजिया म्हणतात. ऊन मला सोसत नाही. देवदारांची सावली आणि पायाशी ओल असली की माझं भागतं.

गेन्साकुने मला लावलं तेव्हा त्याची किनुए रांगत होती. त्याची बायको तोमे कडाडली, "घरात अजिसाई? पोर बिनलग्नाची राहील." आमच्या गावात असंच मानतात.

"घरात कुठे? कुंपणाबाहेर लावतोय," गेन्साकु म्हणाला. "दोष लागलाच तर बेडकांच्या पोरींना लागेल."

फुलं कोमेजली की तो मला लगेच छाटायचा. पुढच्या पावसाळ्याच्या कळ्या मी शरदातच धरते, हे त्याला ठाऊक होतं.

गेन्साकु गेला. किनुए मोठी झाली. एका सकाळी तोमे माझ्याशेजारी भाजीचे मुळे धूत होती, तेवढ्यात लग्नं जमवणाऱ्या साकीकाकू आल्या. टोफूवाल्याच्या मुलाने किनुएला मागणी घातली होती.

"पोरीला विचारलंत का, तोमेबाई?"

"विचारलं हो. नको म्हणते."

किनुएला कुणी काही विचारलंच नव्हतं. काकू गेल्यावर तोमे ओल्या हातांनी तोंड झाकून रडली. "मी एकटी कशी राहू?" म्हणाली. ऐकायला मीच होते.

नाकारलेल्या स्थळाची गोष्ट आमच्याकडे पुन्हा काढत नाहीत. टोफूवाल्याच्या मुलाने दुसरीकडे लग्न केलं. किनुए स्थळाची वाट बघत राहिली.

"या झाडापायी झालं सगळं. तुझ्या बापाला तेव्हाच सांगत होते," तोमे तिला म्हणायची आणि दर शरदात विळा घेऊन मला छाटायची. त्यात कळ्याच जायच्या. कित्येक वर्षं मला फूल आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फार वाईट वाटायचं मला.

गेल्या शरदात तोमे अंथरुणाला खिळली आणि हिवाळ्यात गेली. विळा चालला नाही, म्हणून या पावसाळ्यात मी फुलले, अगदी निळीभोर.

काल किनुए फावडं घेऊन आली. तिचे केस पिकलेत. फुलं बघून ती थबकली. मग सगळ्यात मोठा गुच्छ तोडून तिने आत पितरांच्या देव्हाऱ्यात आईच्या तसबिरीपुढे ठेवला. मागचं दार उघडंच होतं.

"आई, माझ्यासाठी किती झगडलीस गं त्या झाडाशी. फुलं सुकली की उपटून टाकते."

आणि मग रोजच्यासारखी सांगत बसली, भात जरा करपला, ओढ्याचं पाणी वर आलंय. तिच्याशी बोलायला आता तेवढी तसबीरच आहे.

पूर्वी वाटायचं, वाचा फुटावी आणि ओरडून सांगावं. आता नाही वाटत. लग्न तर हुकलंच, आई तरी राहू दे तिला.

साकीकाकू पुलापलीकडे अजून राहतात. त्या भागात कधी गेलात, तर माझ्याकडून ऐकलेलं पोटातच ठेवा.

आणि किनुए, तू खण. मुळं खोल गेलीत, जरा लांबून खण.