रिकाम्या रकान्याची सरासरी

डिझरायलीला पहिल्या पाचांत जागा मिळाली, याचे यतीनला नवल वाटले नाही. मंगळवारी सकाळी, विभागातल्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत, त्याची नजर अडकली ती सहाव्या रकान्यापाशी.

मेलबर्नमधल्या एका विद्यापीठाच्या इतिहास विभागाने दीड वर्ष खपून ही यादी तयार केली होती. चौऱ्याण्णव इतिहासकारांकडे एकेक तक्ता पाठवला होता. आडव्या ओळींत ब्रिटनचे पंतप्रधान, उभ्या रकान्यांत त्यांच्या कारकिर्दीची मोजमापे: नेतृत्व, संसदेवरची पकड, अर्थकारण, परराष्ट्र धोरण, मागे उरलेला वारसा. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. सहावा रकाना यतीनने सुचवला होता, ‘साम्राज्यातील प्रजेचे हित’. पाच वर्षे दर सत्राला नव्या कंत्राटावर शिकवणाऱ्या यतीनने विभागाच्या बैठकीत आपणहून उच्चारलेले ते पहिले वाक्य होते, आणि पुढेही एकटेच राहिले. प्रकल्पाचे प्रमुख प्रोफेसर डग्लस, ज्यांना शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे नुसते ‘डग’ म्हणत, त्यांनी ते मोठ्या मनाने मान्यही केले होते.

त्या रकान्यात डिझरायलीला सात पूर्णांक तीन गुण पडले होते. सगळ्या पंतप्रधानांत दुसरा क्रमांक.

यतीनने डॉक्टरेटची चार वर्षे १८७७ सालात काढली होती. दिल्लीत राणीला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला आणि दख्खनेत दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या मापावर आणली गेली, ते साल. पंतप्रधान होता डिझरायली. सोलापूर, कलादगीकडच्या हजारो मजुरांनी तेव्हा ती मजुरी नाकारली आणि उपाशी पोटी ते कामावरून चालते झाले. त्यांतल्या एकाचेही नाव यतीनला कागदपत्रांत सापडले नव्हते. त्या निनावी पाठमोऱ्या माणसांवर त्याने तीनशे पाने लिहिली होती आणि ती लिहिताना त्याला, उभ्या आयुष्यात कधी नव्हे ते, आपण कुणाच्या तरी सोबतीत आहोत असे वाटले होते.

त्याने मूळ तक्ते उघडले. चौऱ्याण्णवांपैकी अकरा जणांनीच डिझरायलीसमोरचा सहावा रकाना भरला होता. त्या अकरांची सरासरी दोनाच्याही खाली होती. उरलेल्या त्र्याऐंशींनी तो कोरा सोडला होता. काहींनी शेजारी नम्रपणे लिहिले होते, ‘हे माझे क्षेत्र नाही.’

मग सात पूर्णांक तीन आले कुठून?

उत्तर शोधायला त्याला दूर जावे लागले नाही. ते त्याच्याच हाताने लिहिलेल्या नियमात होते. एखादा रकाना कोरा असेल, तर त्याच तज्ज्ञाने त्याच पंतप्रधानाला इतरत्र दिलेल्या गुणांची सरासरी तिथे भरावी. आठ महिन्यांपूर्वी डगची दोन ओळींची ईमेल आली होती, कोऱ्या जागा वाईट दिसतात, नेहमीची पद्धत वापर. चुकूनमाकून राहिलेल्या एखाद्या जागेसाठी ती पद्धत ठीक होती. यतीनला तेव्हाच एक शंका चाटून गेली होती. पण शंका विचारायची म्हणजे डगच्या दारावर टकटक करायची, आणि त्यापेक्षा नियम लिहून टाकणे त्याला सोपे वाटले. आता संसदेत फर्डे बोलल्याचे गुण दुष्काळाच्या खात्यात जाऊन पडले होते.

तज्ज्ञांची नावे आकड्यांमागे झाकलेली असत आणि कोणता आकडा कुणाचा, हे सांगणारी किल्ली यतीनकडेच होती. ती वापरायची नाही हा दंडक. त्याने ती वापरली. अडतिसावा तक्ता भास्कर सरांचा होता. सहावा रकाना कोरा.

भास्कर सर विभागातले दुसरे मराठी. बावीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून शिकायला आले, ते इथलेच झाले. यतीनला इथे शिकवायचे पहिले तास त्यांनीच मिळवून दिले होते. शुक्रवारी कायम जागेची मुलाखत होती आणि निवड समितीवर ते होते. दुपारी ते आपल्या खोलीत डबा खात बसले होते.

“ये, ये. मुलाखतीतले प्रश्न सोडून काहीही विचार,” ते म्हणाले.

“सर, सहावा रकाना तुम्ही कोरा ठेवलात.”

सरांचा घास हातातच राहिला. “माझा तक्ता उघडलास तू? गोपनीय ना रे तो?”

“हो. चुकलं माझं. पण का ठेवलात?”

“का म्हणजे? मी दोन गुण दिले असते, तर काय म्हणाले असते हे लोक? इंडियन आहे, देणारच दोन. बावीस वर्षं मी इथे नुसता इतिहासकार म्हणून टिकलोय, यतीन. कुणाचा वकील म्हणून नाही. एका रकान्यापायी ते घालवू?”

“पण ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच गप्प बसायचं?”

“बरं. तू किती दिलेस? शून्य? एक?”

यतीन टेबलाच्या कडेकडे पाहत राहिला.

“अरे बोल की! मला जाब विचारायला आलास ना?”

“मीही कोरा ठेवला,” तो म्हणाला. “रकाना माझाच होता. मीच भरला, तर पक्षपात दिसेल असं वाटलं.”

भास्कर सर आधी हसले, मग ते हसणे त्यांचे त्यांनाच कडू लागले असावे. त्यांनी डबा झाकला. “वा रे पठ्ठे! निःपक्षपाती दिसायचं म्हणून तूही मुका, मीही मुका. हे बघ, शुक्रवारपर्यंत तोंडाला कुलूप लाव. पाच वर्षं लावलंसच की, आणखी तीन दिवस. दुष्काळ काही पळून जात नाही.”

खोलीत परतल्यावर यतीनने एकसष्टावा तक्ता उघडला. तो त्याचा स्वतःचा होता. ब्रिटनमधल्या कारभारासाठी त्याने डिझरायलीला प्रामाणिकपणे बरे गुण दिले होते. नियमाने त्यांची सरासरी काढून सहाव्या रकान्यात त्याच्या वतीने लिहिली होती. सात पूर्णांक आठ. आपण मौन पाळले, अशी इतके दिवस त्याची समजूत होती. प्रत्यक्षात तो बोलला होता, आणि भरभरून बोलला होता.

बुधवारी त्याने काय बोलायचे ते कागदावर लिहून काढले, तीनदा वाचले आणि डगचे दार वाजवले. डगने सगळे ऐकले, आकडे पाहिले आणि टेबलावर थाप मारली.

“गुड कॅच, मेट! हे असंच छापलं असतं, तर पेपरवाल्यांनी आपल्याला सोलून काढलं असतं.” आणि यतीनच्या देखत त्यांनी सहावा रकाना निवडून पुसून टाकला. त्या कामाला शिंक येऊन जाण्याइतकाच वेळ लागला.

“पुसायचा नव्हता,” यतीन कसाबसा म्हणाला. “अकरा जणांचे गुण छापू. त्र्याऐंशींनी कोरा ठेवला, तेही छापू. तोच तर निष्कर्ष आहे.”

“अकरा जणांवर निष्कर्ष? नाही टिकायचा. पण वेगळा लेख होईल हा, आणि तूच लिहायला हवास. कायमचा झालास की लिही. नो वरीज.” डगच्या आवाजात खरीखुरी माया होती. रागावायला त्यांनी काही जागाच ठेवली नाही.

संध्याकाळी सगळ्या लेखकांना फॉर्म आला. अंतिम अहवाल मला मान्य आहे, हो किंवा नाही. गुरुवारी पाचपर्यंत ‘हो’ न आल्यास नाव वगळण्यात येईल. लेखकांत यतीनचे नाव तिसरे होते, आणि शुक्रवारी समितीसमोर ठेवायला त्याच्यापाशी त्याखेरीज दुसरे मोठे काही नव्हते.

गुरुवारी दुपारी क्रेगीबर्न उपनगरातल्या घरात त्याची बायको चारुता दुपारच्या शिफ्टला निघायच्या तयारीत होती. ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करी. यतीनने तिला सगळे सांगितले आणि विचारले, “नाव काढून घेऊ?”

“काढ.”

“मग उद्या मुलाखतीत?”

“मग नको काढूस.” तिने बॅगेची चेन ओढली.

“तू रागावलीस का?”

“मी नाही रागावले. तू रागाव ना एकदा! त्या डगवर, भास्करवर, नाहीतर माझ्यावर. रागावायचं तिथे आजाऱ्यासारखा चेहरा करून बसतोस आणि मला विचारतोस, काय करू. म्हणजे उद्या म्हणता येईल, चारुता म्हणाली म्हणून केलं. कोरा रकाना ठेवायचा आणि दुसऱ्याने तो भरायचा, हे घरातही चालवतोस तू.”

तिने कारची किल्ली घेतली. मग गाडी गेली.

यतीन मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. या भागातली माती काळी, ज्वालामुखीच्या दगडाची. ऊन लागले की भेगाळते. घर घेतले तेव्हा त्याने ती चिमूटभर हातात घेऊन चारुताला दाखवली होती, बघ, अगदी आपल्याकडची. आज भेगांकडे पाहताना त्याला आपल्या तीनशे पानांतली माणसे आठवली. फावडे खाली ठेवताना त्यांनी कुणाचा सल्ला घेतला असेल का, असा एक निरर्थक प्रश्न त्याच्या मनात आला. उद्या जेवायला मिळेल की नाही हे त्यांना माहीत नव्हते. त्याच्या फ्रिजमध्ये तर आठवड्याची भाजी होती.

चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याने ‘हो’ दाबले.

मुलाखतीत भास्कर सरांनीच विचारले, आणि विचारताना ते त्याच्याकडे न पाहता कागदाकडे पाहत होते, “या प्रकल्पात तुमचं स्वतःचं योगदान कोणतं?”

अहवालात सहावा रकाना नव्हता, तो कधीकाळी होता याची तळटीपही नव्हती. नियम मात्र होता. इतर रकान्यांतल्या तुरळक कोऱ्या जागांसाठी तो तसाच ठेवला होता.

“गहाळ माहिती हाताळण्याची पद्धत मी बसवली,” यतीन म्हणाला, आणि त्या पद्धतीचे फायदे तो समजावून सांगू लागला. बोलताना तो अडखळला नाही. कागदावर लिहून आणलेले एकही वाक्य त्याला लागले नाही. समितीतल्या एक बाई हसून मान डोलवत होत्या. आपल्याला असे बोलता येते, हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

जागा त्याला मिळाली. भास्कर सरांनी फोन करून पेढे मागितले. चारुताने मनापासून अभिनंदन केले आणि त्या दुपारचा विषय पुन्हा कधी काढला नाही. वेगळा लेख यतीनने लिहिला नाही. पहिल्या सत्रात वेळ नव्हता, दुसऱ्यात डगने त्याला पुढच्या यादीच्या कामावर घेतले.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तो आता ती यादी पडद्यावर लावतो. मार्चमधल्या एका तासाला मागच्या बाकावरच्या निहारिका नावाच्या मुलीने हात वर केला. तिचे आजोळ सोलापूरचे, हे तिने ओळखीच्या तासालाच सांगितले होते.

“सर, डिझरायली इतका वर आहे. त्याच्या काळात आमच्याकडे मोठा दुष्काळ पडला होता ना? तो यात कुठे धरलाय?”

वर्ग त्याच्याकडे पाहू लागला. यतीनने पडद्याकडे पाहिले. पाच रकाने, सगळे भरलेले, एकही जागा कोरी नाही.

“तो या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही,” तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि त्याचे वाक्य वहीत उतरवून घेतले.