पाच नावांखालची मोकळी वीत

मी हिंडलग्याच्या पुढच्या एका खेड्याच्या वेशीवरचा दगड. उभा आहे म्हणून मान आहे. आडवा असतो तर एव्हाना माझ्यावर धुणं आपटलं असतं. मला डोंगरातून आणायला बारा बैलजोड्या लागल्या. बरं, ट्रॅक्टर होता. पण बैल सांगितले की ऐकणारा जरा सावरून बसतो.

माझ्या छातीवर पाच नावं आहेत. या गावातून फौजेत गेले आणि लढाईतून परत आले नाहीत, ते पाच जण. त्यांच्याबाबतीत मात्र मी एक अक्षर वाढवून सांगत नाही.

गंमत आहे ती नावांखाली. तिथं वीतभर जागा मोकळी, गुळगुळीत घासून ठेवलेली. मला घडवणाऱ्या मष्णू पाथरवटानं तेव्हाच विचारलं होतं, "सुभेदार अण्णा, दगड उरतोय की. शेजारच्या गावची नावं घालू काय?"

"ऱ्हाऊ दे," भावकू सुभेदार म्हणाले. "राखीव असावं."

पेन्शनीत आलेल्या भावकूंनीच खटपट करून मला उभं केलं. त्यांच्या खिशात अजून बुटाची जादा नाडी असते. फौजेची सवय, दुसरं काय.

वीस वर्षं मला एकच उत्सुकता: या जागेचं होणार काय? शाळेतली पोरं तिथं बोट लावून विचारायची. एका पुढाऱ्यानं तर स्वतःचंच नाव सुचवलं. तेव्हा मी असा थरथरलो की डोक्यावरचा कावळा उडाला. कावळा आधीच निघाला होता असं कुणी म्हणेल, तर म्हणू दे.

मग या उन्हाळ्यात नागुबाई आली. चौथं नाव तिच्या नवऱ्याचं. शेतावर जाता-येता ती पदरानं नावांवरची धूळ पुसते. त्या दिवशी तिनं पुसली नाही. भावकू माझ्या कट्ट्यावर पेपर वाचत होते.

"अण्णा, आमचा आदर्श भरती झाला. सोमवारी कॅम्पात जातोय ट्रेनिंगला."

"लई बेस झालं. नातू कुणाचा हाय."

"व्हय. ही खालची जागा कुणासाठी ठेवलीसा?"

भावकूंनी पेपर खाली घेतला. आणि मला, इतकी वर्षं ताटकळलेल्या मला, उत्तर एकदम नकोसं झालं.

"तसं काय मनात न्हवतं गं, नागू," ते कसंबसं म्हणाले. "सवयीनं सोडलो."

"ठाव हाय मला. पर जाताना पोरगं हितं नारळ फोडणार. त्याच्या डोळ्यापुढं ती रिकामी नको."

रविवारी भावकू स्वतः मष्णूला घेऊन आले. नागुबाई आधीच कट्ट्यावर येऊन बसली होती. मष्णूनं छिन्नी काढली आणि मोकळ्या जागेवरनं हात फिरवला.

"काय काढू आक्का? सिंह काढू?"

"सिंह काय करायचाय. भाताची लोंबी काढ, आमच्या शेतात येतीया तसली. दाणं भरून काढ. बाजूला एक अक्षर मावता कामा नये."

मष्णूनं दिवसभर दाणे भरले. मी हूं की चूं केलं नाही.

सोमवारी आदर्शनं नारळ फोडला, पाचही नावांना हात लावला. मग खाली वाकून म्हणाला, "आज्जी, ही लोंबी कवा आली?"

"पयल्यापासनं हाय. तुझं ध्यान कुठं असतंय."

आदर्शनं भावकूंकडं पाहिलं. भावकू, ज्यांनी जन्मात खोटा रिपोर्ट दिला नसेल, मान हलवून म्हणाले, "पयल्यापासनं हाय रं."

ट्रॅक्टरच्या बारा बैलजोड्या करणारा मी, पण त्या दोघांपुढं हात टेकले. तेव्हा कधी या वाटेनं आलात आणि कुणी विचारलं, तर तुम्हीही एवढंच सांगा. लोंबी पहिल्यापासून आहे. दगडावर आता जागा नाही.