आडदिवशी जाऊ

"एकदा दोरीच्या आत गेलात की मागे फिरता येणार नाही," दारावरचा माणूस म्हणाला. "आजींना झेपेल ना? सत्तावीस खोल्या आहेत."

"मला ठाऊक आहे किती आहेत त्या," आई म्हणाली आणि दोरीच्या आत शिरली.

सुट्ट्यांमधला शेवटचा रविवार होता. राजवाडा बघायला याच्याइतका वाईट दिवस शोधून सापडला नसता, आणि हे आम्हा दोघींइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. बाबा एकोणतीस वर्षं याच राजवाड्यात पहारेकरी होते. सत्तावीस नंबरच्या खोलीत, दाराशेजारच्या लाकडी खुर्चीवर. बरोबरचे लोक त्यांना 'सत्तावीस' म्हणूनच हाक मारत. घरी आई चिडली की तीही म्हणायची, "सत्तावीस नंबर, ताट वाढलंय."

ओळखीचं कुणी राजवाडा बघायला निघालं की आधी बाबांना गाठायचं. एरवी अबोल असलेले बाबा मग खुलायचे. "सुट्टीत जाऊच नका. आडदिवशी जा. दार उघडायच्या दहा मिनिटं आधी पोचा. सगळे उजवीकडे जातील, तुम्ही डावीकडे वळा. शेवटच्या खोलीपासून सुरुवात करा आणि उलटे फिरा. सगळा राजवाडा तुमचा एकट्याचा." लोक जायचे, परत येऊन आभार मानायचे.

आम्हाला मात्र त्यांनी कधीच नेलं नाही. आईने विषय काढला की उत्तर ठरलेलं. "आत्ता सुट्टीची गर्दी आहे. आडदिवशी जाऊ." आडदिवशी माझी शाळा असायची, आईच्या शिवणाच्या गिऱ्हाइकांची घाई असायची. आणि बाबांची आठवड्याची सुट्टी असायची नेमकी राजवाडा बंद असेल त्या दिवशी. निवृत्तीनंतर जायचं ठरलं. निवृत्तीनंतर आधी त्यांचे गुडघे गेले, मग छातीचं दुखणं सुरू झालं, आणि गेल्या वर्षी ते स्वतःच गेले.

काल संध्याकाळी त्यांच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. सत्तावीस नंबर सोमवारपासून बंद होतेय. डागडुजी, भिंतींचं काम. दोन वर्षं तरी उघडणार नाही. वहिनींना सांगा.

आईचं वय चौऱ्याहत्तर. मी सांगितलेला निरोप तिने ऐकून घेतला आणि म्हणाली, "उद्या जाऊ."

"उद्या रविवार आहे. गर्दी असेल, आई."

"हे मी एकोणतीस वर्षं ऐकलं," ती म्हणाली. "आता तू नको सांगू."

बाबांची युक्तीही आता चालणार नव्हती. उलटं फिरणं बंद केलं होतं. सगळीकडे जाड लाल दोऱ्या लावून एकच वाट ठेवली होती, पहिल्या खोलीतून शेवटच्या खोलीकडे.

चौथ्या खोलीपर्यंत पायाखालची जमीन दिसत होती. सातव्या खोलीत ती दिसेनाशी झाली. दरबाराच्या दालनात मला एका माणसाच्या पाठीवरची पिशवी आणि वरचं झुंबर एवढंच दिसलं. आरशांच्या खोलीत गर्दी चौपट वाटू लागली. आम्ही चालत नव्हतो, पुढे सरकवले जात होतो. अकराव्या खोलीच्या दारात सगळेच थांबले. पुढे कुणीतरी फोटो काढत होतं. मागून लोक येतच होते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, वर पंखा नाही. आईने माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं गार पडली होती.

"बसायचंय का तुला?"

"कुठे? राजाच्या पलंगावर?"

ती हसली, पण श्वास पुरला नाही. दोरीपलीकडे एक लहान दार होतं. 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला मी हाक मारली.

"दादा, यांना त्रास होतोय. इथून सोडता का?"

"इथून सोडलं तर सरळ बाहेर पडाल, ताई. परत आत येता येणार नाही."

"आम्हाला फक्त सत्तावीसमध्ये जायचंय."

"सगळेच तिकडे चाललेत की. तिकडेच बाहेरचं दार आहे."

"अहो, माझे वडील इथेच..."

आईने माझ्या मनगटाला करकचून चिमटा घेतला. "ह्यांचं नाव सांगून पुढे घुसायचं नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "जिवंतपणी कधी पासावर आणलं नाही मला. आता वशिल्याने नेतील होय?"

मग आम्ही उभ्या राहिलो. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. तिथे मला तो फोन आठवला. तसा तो रोजच आठवतो, पण तिथे त्याच्यापासून बाजूला व्हायलाही जागा नव्हती.

गेल्या वर्षी मी सुट्टी काढून दुसऱ्या एका शहरात गेले होते. तिथल्या राजवाड्याबाहेर रांग इतकी मोठी की मी रांगेतूनच बाबांना फोन लावला. त्यांना कोण आनंद झाला! ऊन कुठल्या बाजूला आहे, दारं किती आहेत, शाळेच्या सहली आल्यात का, सगळं विचारून घेतलं. "जेवायच्या वेळेपर्यंत थांब. लोक उपाशीपोटी इतिहास बघत नाहीत," म्हणाले. तसंच झालं. संध्याकाळी त्यांनी आपणहून फोन केला.

"शेवटची खोली कशी होती गं?"

"शेवटची? लक्ष नाही गेलं, बाबा. पाय मोडून आले होते. बाहेर जायचा रस्ता शोधत होते."



"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळे तेच विचारतात."

मी म्हटलं, नंतर बोलते. चौथ्या दिवशी ते गेले.

अकरावी खोली सुटली. पुढच्या खोल्यांचं मला काही आठवत नाही. मी दाराच्या चौकटींवरचे आकडे तेवढे बघत होते आणि आई माझ्या पाठीला कपाळ टेकून चालत होती. बाविसाव्या खोलीनंतर गर्दी चक्क पातळ झाली. लोक आता भराभर पावलं उचलत होते. कुणी भिंतींकडे बघत नव्हतं. बाहेरच्या उन्हाचा वास लागला होता त्यांना.

सत्तावीस नंबरची खोली राजाच्या लेखनिकाची. एक मेज, एक दौत, एक अरुंद खाट, एक खिडकी. आमच्या स्वयंपाकघरापेक्षा जरा मोठी. दाराशेजारच्या खुर्चीवर पन्नाशीची एक पहारेकरीण बसली होती. आमच्याकडे नीट न बघताच तिने हात वर केला.

"बाहेरचा रस्ता डावीकडे."

"आम्हाला बाहेर जायचं नाही," आई म्हणाली.

बाईने मान वर केली. आईचा चेहरा पाहून ती उठली आणि खुर्ची पुढे न ओढता नुसती बाजूला झाली. "बसा, आजी. खरं तर परवानगी नाही, पण बसा."

आई बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. हातांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"जुनीच का ही?"

"हो. माझ्याआधी एक काका होते, त्यांच्या वेळची."

"आमचेच ते," आई म्हणाली.

बाईने साडीचा पदर नीट केला.

मी खिडकीपाशी गेले. बाबा इतकी वर्षं हिच्यातून काय बघत असतील असं मला नेहमी वाटायचं. बाग असेल, तळं असेल. खिडकीखाली बाहेर पडायचं फाटक होतं. माणसं फाटकातून बाहेर येत होती, आळस देत होती, पोरं मोजत होती, चपला झटकत होती आणि निघून जात होती. दुसरं काहीच दिसत नव्हतं.

मागे वळले तेव्हा आईच्या डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर, भिंतीवर एक काळपट गोल डाग दिसला. बशीएवढा.

"तो काकांचा," बाई हळूच म्हणाली. "पाठ टेकायची मनाई आहे आम्हाला. तपासणीला साहेब आले की विचारायचे, हे काय? मी सांगायची, राजाच्या काळातलं आहे."

आईने कष्टाने मान वळवली. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"उश्यांच्या अभ्र्यांवर अस्साच यायचा," ती म्हणाली. "मी म्हणायची, डोक्याला तेल लावता की अभ्र्याला?" मग बाईकडे वळून, "निघत नाही हो हा. गरम पाणी झालं, सोडा झाला, सगळं करून बघितलंय मी."

"उद्यापासून खरवडणार आहेत," बाई म्हणाली. तिला ते सांगताना अवघड वाटत होतं.

"खरवडल्यावर जाईल," आई म्हणाली. एखाद्या कापडाबद्दल सांगावं तसं.

तिने हात उचलला. डागाशेजारीच पाटी होती, 'भिंतीला हात लावू नये'. आईने ती वाचली आणि हात मांडीवर ठेवला.

तेवढ्यात एक माणूस घाईघाईने आत आला. खांद्यावर झोपलेली मुलगी, मागे बायको. खुर्चीवर बसलेल्या आईलाच त्याने विचारलं, "बाहेर जायचा रस्ता?"

पहारेकरीण तोंड उघडणार तेवढ्यात आईने हात वर केला.

"डावीकडे," ती म्हणाली. "पण ही खोली बघून जा. उद्यापासून बंद..."

तो डावीकडे वळलाही होता. त्याची बायको गेली, जिन्यावरचे पायांचे आवाज गेले. आईचा हात तसाच वर होता.